गाण्यात काय दडलंय? नाशिककडच्या लोकगीतांचा अर्थ लावताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेत रात्रभर भारुडं चालतात, मालेगावजवळ चंदनपुरीला खंडोबाची जागरणं होतात, वणीच्या गडावर संबळ वाजतो, सिन्नर-निफाडकडे एप्रिलभर भीमगीतं घुमतात. ऐकून आलेली माणसं, विशेषतः कॉलेजची मुलं आणि शिक्षक, फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

लोकगीतात खरंच गुप्त अर्थ असतो, की आपणच तो काढतो?

दोन्ही होतं, पण दुसरं जास्त. लोककलावंत गावच्या पारावर शे-दोनशे माणसांपुढे उभा राहतो. त्याचं गाणं जागच्या जागी कळलं नाही तर माणसं घोंगडी झटकून घरी जातात. अर्थ लपवून ठेवणं त्याला परवडत नाही. कूट म्हणजे कोड्याचे अभंग, भेदिक म्हणजे सवाल-जबाबाची गाणी आणि काही भारुडं एवढ्याच प्रकारांत तो मुद्दाम गाठ मारतो, आणि तीही बहुतेक वेळा स्वतःच सोडवून दाखवतो.

आज जे आपल्याला गूढ वाटतं त्यातलं बरंचसं नुसतं अनोळखी आहे. पहाटे जात्यावर बसलेली, विंचू उतरवताना पाहिलेली, नवसाचा रोडगा भाजलेली माणसं घरात उरली नाहीत. गाणं तेच आहे, त्याच्याभोवतीचं घर गेलंय.

मग सुरुवात कुठून करायची?

शब्दांपासून करू नका. आधी तीन गोष्टी विचारा: कोण गातंय, कोणापुढे गातंय, कधी गातंय. सासूच्या जाचाचं गाणं बायकांच्या बैठकीत बाई गाते तेव्हा त्यात तक्रार असते. तेच गाणं लुगडं नेसलेला पुरुष भारुडात करतो तेव्हा हशा पिकतो, आणि कीर्तनकार त्याच ओळी घेऊन निरूपणाला बसला की वैराग्य येतं. शब्द तिन्ही ठिकाणी सारखेच.

मग दोन जागा पाहा. पहिली ध्रुपदाची, कारण ती ओळ दर कडव्यानंतर परत येते आणि प्रत्येक वेळी मागच्या कडव्याचा रंग घेऊन येते. दुसरी शेवटच्या ओळीची. तिथे कवीची नाममुद्रा असते आणि बहुतेक वेळा गाण्याची दिशाही तिथेच वळते. लोक पहिल्या कडव्यावर तासभर वाद घालतात आणि शेवटचं कडवं कोणाला पाठच नसतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

भारुडाचा अर्थ कसा लावायचा?

एकनाथांची (१५३३–१५९९) दोन भारुडं शेजारी ठेवून पाहू. दोन्ही सगळ्यांना माहीत आहेत आणि दोघांची रीत अगदी वेगळी आहे.

‘विंचू चावला’ हे पहिलं. यात गूढ शोधायला जागाच नाही. ‘कामक्रोध विंचू चावला’ असं नाथ सुरुवातीलाच सांगून टाकतात. किल्ली दाराला लावूनच ठेवलेली. मग गंमत कशात आहे? उपचारात. विंचू चावल्यावर गावात जे जे होतं ते सगळं क्रमाने येतं: घाम फुटतो, जीव व्याकूळ होतो, अंगभर वेदना पसरते, मग उतारा, मग अंगारा. ‘तमोगुण मागे सारा, सत्त्वगुण लावा अंगारा’ ही ओळ ऐकणाऱ्याला वेदान्त म्हणून कळत नाही, मांत्रिकाची आज्ञा म्हणून कळते. आणि शेवटी येतं ते खरं मर्म: ‘किंचित राहिली फुणफुण, शांत केली जनार्दने’.

या ‘फुणफुण’पाशी थांबा. विंचू उतरल्यावरही दंशाच्या जागी थोडी ठसठस राहते, हे ज्याला चावलाय त्याला ठाऊक असतं. सत्त्वगुणाने सगळं साफ झालं असं नाथ म्हणत नाहीत. थोडं उरतंच, आणि ते गुरूच शमवतो, असं म्हणतात. जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरू, देवगिरीचे किल्लेदार. चांगला भारुडी या ओळीवर आवाज एकदम खाली आणतो. आतापर्यंत लोळण घेत, ओरडत, पागोटं सोडत लोकांना हसवणारा माणूस इथे सरळ उभा राहतो. कुठल्याही टीकेपेक्षा त्या क्षणी अर्थ जास्त कळतो.

दुसरं भारूड ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’. सून देवीला नवस करते आहे. सासरा परगावी गेलाय तो तिकडेच खपू दे, सासूला निर्दाळ, जाऊ फडाफडा बोलते तिला बोडकी कर, नणंदेचं पोर किरकिरतं त्याला खरूज होऊ दे. शेवटी नवऱ्याचीही आहुती. इथे किल्ली दाराला लावलेली नाही. सासू म्हणजे वासना की कल्पना, सासरा म्हणजे अहंकार की आणखी काही, यावर निरूपणकारांची तोंडं दहा दिशांना. कोणी नणंदेच्या पोरालाही एखाद्या रिपूच्या जागी बसवतं. माझं मत विचाराल तर ही वाटणी करत बसू नये. नाथांना नात्यांची यादी तत्त्वांच्या यादीशी एकास एक जुळवायची असती तर विंचवासारखं सांगून मोकळे झाले असते. त्यांनी सांगितलं ते एवढंच: ‘एका जनार्दनी सगळेच जाऊ दे, एकलीच राहू दे मला’. इथवर जी बाई चिडलेली सून होती, ती या ओळीत सगळी नाती सोडून एकटी उभी राहते. गाण्याचं वळण तिथे आहे.

आणि ते वळण मान्य करतानाही पहिला अर्थ खोटा ठरत नाही. समोर बसलेल्या बायका हसतात त्या वासनेवर हसत नाहीत, सासूवर हसतात. नाथांना हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी सासू निवडली.

‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव’ याचा नक्की अर्थ काय?

हे कूट आहे, ज्ञानदेवांच्या नावाने गायलं जातं. तीन गावं, दोन ओसाड आणि एक वसेचिना. जे वसेचिना तिथे आले तीन कुंभार, दोन थोटे आणि एकाला घडेचिना. त्याने न घडवलेली मडकी, त्यात न शिजणारे मूग. प्रत्येक कडवं स्वतःलाच खोडत पुढे जातं.

तीन म्हणजे सत्त्व-रज-तम असं बहुतेक जण सांगतात, कोणी तीन अवस्था सांगतं, कोणी तीन देह. यातला कुठलाही अर्थ पहिल्या कडव्याला बसतो आणि मुगापर्यंत येता येता ताणला जातो. ज्या गोष्टी मुळात झाल्याच नाहीत त्यांच्यावर सगळा पसारा उभा आहे, ही जाणीव ऐकणाऱ्याला होणं हेच या गाण्याचं काम आहे. शेवटी सद्गुरूशिवाय हे कळेचिना, असं म्हणून ते सोडून दिलेलं आहे. ज्ञानदेवांचे सद्गुरू म्हणजे थोरले भाऊ निवृत्तिनाथ, त्यांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरी. वारकऱ्यांनी यात्रेत हे कूट आवर्जून लावून धरलं तर त्यात नवल नाही.

मुक्ताबाईंचा ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी’ हा याच जातीचा. तिथे शेवटी माशी व्याली, घार झाली, आणि ते पाहून मुक्ताई हसली. ते हसणं विसरून अर्थ लावणारे फार आहेत.

गाण्यात आकडे येतात, त्यांचं काही ठरलेलं कोष्टक आहे का?

भजनी मंडळात आणि भेदिकात आहे. तीन म्हणजे गुण, पाच म्हणजे महाभूतं, प्राण किंवा इंद्रियं, सहा म्हणजे काम-क्रोधादी वैरी. नऊ दारांचा वाडा म्हणजे देह, चौऱ्याऐंशीचा फेरा म्हणजे योनींचा. सासर आलं की संसार, माहेर आलं की पंढरपूर. गाणारा आणि ऐकणारा दोघांनाही हे लहानपणापासून पाठ असतं, म्हणून याला गुप्त म्हणता येत नाही.

हे कोष्टक दुसऱ्या जातीच्या गाण्याला मात्र लावू नका. पाळण्यातले पाच मोर हे बहुतेक वेळा पाच मोरच असतात.

कलगी-तुरा आणि भेदिक म्हणजे काय? तिथे तर सगळंच कोडं असतं ना?

हो, आणि ते जाहीर कोडं असतं. तुरेवाले शिवाला थोर मानतात, कलगीवाले शक्तीला. एका फडाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच यमकात जबाब द्यायचा. आधी कोण, शिव की शक्ती? सृष्टीच्या आधी काय होतं? देहाच्या वाड्यात किती खोल्या? उत्तर आलं नाही तर भर सभेत नाचक्की.

म्हणून भेदिकाचा सवाल एकटा छापलेला वाचून अर्थ लावायला गेलं की फसगत होते. तो समोरच्या शाहिराला अडवण्यासाठी केलेला असतो. त्यात पुराणातली एखादी आडवळणाची कथा घुसडलेली असते, ती समोरच्याला माहीत नसावी एवढाच हेतू. जबाब मिळवा, मग सवाल वाचा.

या परंपरेशी आपल्या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. पेशवाईतला शाहीर परशराम (१७५४–१८४४) सिन्नरजवळच्या बावीचा, धंद्याने शिंपी. त्याच्या रचनांत शृंगारही आहे आणि अध्यात्मही. पलीकडे संगमनेरला अनंत फंदी. हे लोक मठात बसून लिहीत नव्हते. बाजाराच्या गावांत, रोजच्या गिऱ्हाइकांसमोर गात होते.

जात्यावरच्या ओव्यांत सीता सारखी का येते? ती म्हणजे पंचवटीची सीता का?

नाशिकच्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. सीतागुंफेसमोर रांग लावलेला प्रत्येक जण सीता आपलीच समजतो. पण ओवीतली सीता बहुतेक करून दुसऱ्या वनवासातली असते. पंचवटीत ती नवऱ्यासोबत होती. ओवीतली सीता एकटी आहे, टाकलेली आहे, पोटुशी आहे.

महाराष्ट्रभर पसरलेली एक ओवी आहे: ‘अरण्या गं वनामधी कोण रडतं ऐका, सीतेला समजावया बोरी-बाभळी बायका’. समजूत घालायला आलं कोण? बोरी आणि बाभळी. आंबा नाही, वड नाही, चंदन तर नाहीच. अंगावर काटे असलेली, बांधावर आपोआप उगवणारी, कोणी पाणी न घालणारी झाडं. ओवी गाणारीने त्यांना बायका केलं. आता इथे आणखी काय उलगडायचं? जातं ओढणाऱ्या बाईच्या शेजारी तिच्यासारखीच दुसरी बाई बसलेली आहे आणि दोघींनाही बाभूळ कोण ते ठाऊक आहे.

सीतेचं नाव घेतलं की आणखी एक सोय होते. सासरच्या माणसांबद्दल उघड बोलता येत नाही, रामाबद्दल बोलता येतं. आतल्या खोलीत झोपलेल्या सासूच्या कानावर गेलं तरी ते रामायण. तेवढ्यापुरता हा अर्थ दडवलेला म्हणता येईल. पण काही ओव्या तेवढाही आडपडदा ठेवत नाहीत. ‘अस्तुरी जन्म नको घालू श्रीहरी, रातंदिस परायाची ताबेदारी’ यात कोणाला काय समजावून सांगायचं?

हेमा रायरकर आणि गी पॉइटेविन यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या चाळल्या की एक गोष्ट लगेच दिसते: एकच ओवी दहा गावांत दहा बायका आपापल्या भावाचं, लेकीचं नाव घालून गातात. ओवीची कर्ती कोण, हा प्रश्न तिथे चालत नाही.

अहिराणी गाण्यांत काही वेगळं असतं का?

बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव हा अहिराणीचा पट्टा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि गातात: ‘आथानी कैरी, तथानी कैरी, कैरी झोका खाय वं, कैरी तुटनी, खडक फुटना, झुयझुय पानी व्हाय वं’.

कैरी म्हणजे सासर-माहेरामध्ये लोंबकळणारी लेक, खडक म्हणजे बापाचं काळीज, पाणी म्हणजे डोळ्यांतलं, असा अर्थ सांगितला जातो. छान आहे, पण मी तो दुसऱ्या नंबरवर ठेवीन. पहिल्या नंबरवर झोका आहे. ‘आथानी’ला झोका इकडे, ‘तथानी’ला तिकडे. गाणं झोक्याच्या लयीवर बांधलंय आणि पुढची प्रत्येक ओळ मागच्या ओळीचं शेपूट धरून येते, पाण्यावरून बाजाराकडे. बसून, पंख्याखाली, कागदावरून वाचलं तर ते निरर्थक वाटेल. झोक्यावर बसा आणि मग बोला. एवढं करून डोळ्यांत पाणी आलं तर कैरी कोण ते तुमचं तुम्हाला कळेल.

खंडोबाच्या जागरणात बानू-म्हाळसेचं भांडण एवढं रंगवून का गातात?

जिल्ह्यातली चंदनपुरी म्हणजे बानूचं माहेर. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बानू धनगराची. सारीपाटात हरलेला देव घर सोडतो, चंदनपुरीला येऊन बानूच्या बापाकडे चाकर राहतो, मेंढरं राखतो आणि तिला घेऊन जेजुरीला परततो. मग दोघी सवतींची जुंपते. जात, खाणं, राहणं, अंगाचा वास, सगळं निघतं. दिमडीवर वाघ्या आणि त्याच्याशेजारी मुरळी हे भांडण तासतासभर ओढतात.

अभ्यासकांनी यात पेठेत स्थिरावलेला समाज आणि मेंढरांमागे फिरणारा समाज यांची ओढाताण वाचली आहे. म्हाळसा, बानू, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, चंदाई बागवान अशा पाच बायका देवाला देऊन लोकांनी पाच समाज एका गाभाऱ्यात आणले, हे पटण्यासारखं आहे. पण वाघ्याला विचाराल तर तो म्हणेल, दोन बायका फजिती ऐका.

एक गंमत लक्षात ठेवा. जागरण कोणाच्या अंगणात आहे ते पाहा. धनगराच्या घरी बानूच्या तोंडी फर्मास जबाब येतात आणि म्हाळसा गप्प होते. वाण्याच्या आळीत पारडं फिरतं. छापील संहितेत हे सापडणार नाही.

देवीच्या गोंधळात नुसती गावांची आणि देवांची नावं असतात. त्यात कसला अर्थ?

तुळजापूरची भवानी ये, माहूरची रेणुका ये, कोल्हापूरची अंबाबाई ये, वणीची सप्तशृंगी ये. हे आवतण आहे. घरच्या लग्नात जसं कोणाला आधी बोलवायचं याचं तंत्र असतं, तसंच इथे. सप्तशृंगी साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ, तरी आपल्याकडचे गोंधळी तिला मागे टाकत नाहीत. क्रम लिहून घ्या, त्या घराचं कुलदैवत आणि त्या फडाची फिरस्ती दोन्ही कळतील.

पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी गाण्यांचा अर्थ आम्ही लावू शकतो का?

जपून. तिथे थाळ वाजवून रात्र रात्र कथा गातात. काशाच्या थाळ्यावर मेणाने काडी उभी चिकटवायची आणि बोटांनी ती वरून खाली ओढत राहायची. त्यातून घुमणारा सूर निघतो आणि त्यावर कणसरीची कथा चालते. कणसरी म्हणजे धान्य, आणि धान्य म्हणजेच देवी. हे तिथे रूपक नाही. ‘कणसरी हे समृद्धीचं प्रतीक आहे’ असं वाक्य वहीत लिहिलंत की कथा तुमच्या हातून सुटली. तिथला माणूस कणगीसमोर चप्पल घालून जात नाही, तो काही प्रतीकापुढे चप्पल काढत नाही.

वामनदादा कर्डकांच्या गाण्यात दडलेला अर्थ शोधावा का?

वामनदादा (१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांची गाणी सरळ आहेत असं सगळे म्हणतात, आणि तिथेच चकतात.

‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ हे गाणं घ्या. भीमजयंतीच्या मिरवणुकीत ते ढोल-ताशावर वाजतं, पोरं बेभान नाचतात. पण ओळ नीट ऐका. ‘जर असते’. म्हणजे नाहीत. पाचसुद्धा नाहीत. वाणीत भीम आहे पण करणीत नाही, असं दादा पुढे तोंडावर सांगतात. हा जयजयकार नाही, आपल्याच माणसांना मारलेला टोमणा आहे, आणि तो बाहेरच्या कोणाला नव्हे, समोर नाचणाऱ्यांना आहे. अर्थ कुठेही लपवलेला नाही. चाल इतकी उचलून धरणारी आहे की शब्द ऐकायचे राहून जातात. दादांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. कडू औषध गोड चालीतून पाजण्याची कला जलशाने आधीच कमावली होती.

ते समजायला मागची जमीन पाहावी लागते. २ मार्च १९३० ला नाशिकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. याच काळात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे जलसे गावोगाव फिरत होते. तमाशाचा बाज घ्यायचा, गण-गौळणीची जागा बदलायची आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत सभेतला विचार न्यायचा. अशा मातीतून आलेल्या गाण्यात ‘भीमा’ ही हाक देवाला घातल्यासारखी ऐकू आली तरी पुढची ओळ हिशेब मागणारी असते. हाकेवर थांबू नका.

गाण्याचा अर्थ लावल्यामुळे कोणाला शिक्षा झाल्याचं उदाहरण आहे का?

नाशिकचंच आहे. कवी गोविंद (१८७४–१९२६) यांची पदं क्रांतिकारक तरुणांच्या मित्रमेळ्यात गायली जायची. त्यात देव होते, दैत्य होते, शिवाजी महाराज होते. बाबाराव सावरकरांनी ती छापली. १९०९ च्या जूनमध्ये त्यांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपिलात मुंबई उच्च न्यायालयानेही ती कायम केली. देवांची आणि वीरांची नावं हा नुसता बहाणा आहे, खरा उपदेश परक्या सरकारविरुद्ध तलवार उपसा असा आहे, असा अर्थ न्यायमूर्ती चंदावरकरांनी काढला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या.

अर्थ लावण्याच्या दृष्टीने या खटल्यात एक मजा आहे. न्यायालयाने लावलेला अर्थ बरोबर होता. मेळ्यात गाणाऱ्या पोरांनाही तोच अभिप्रेत होता. फक्त तो उघड कबूल करणं त्यांना सोयीचं नव्हतं. दडवलेला अर्थ म्हणतात तो असा असतो: गाणाऱ्याला माहीत, ऐकणाऱ्याला माहीत, आणि तिसऱ्याने विचारलं की दोघेही म्हणणार, आम्ही तर पुराणातली कथा गातोय. लावणीतल्या द्वयर्थी ओळीचंही तेच. फक्त तिथे पणाला अब्रू असते, तुरुंग नसतो.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘वैज्ञानिक’ अर्थांचं काय करावं?

पुढे पाठवू नका, बस्स. ज्या अर्थात गाणारा, चाल आणि गाव कुठेच लागत नाही, तो त्या गाण्याचा नसतो.

एकाच गाण्याचे दोन पाठ सापडले. बरोबर कुठला?

दोन्ही लिहा. कोणाकडून, कुठल्या गावी, कुठल्या प्रसंगी ऐकलं तेही लिहा. छापील पाठ जुना असेलच असं नाही, तो फक्त छापला गेला. वेगळेपणा नेमका कुठे आहे ते पाहा. चालीला बसवण्यासाठी एखादं अक्षर बदललंय की आख्खं कडवं गाळलंय? गाळलेलं कडवं बहुधा कोणाला तरी टोचणारं असतं. अशा जागी खणलं की अर्थाचं पाणी लागतं.

जुने शब्द अडतात. कोश कुठला पाहावा?

मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन हाताशी असू द्या. मोल्सवर्थमध्ये शेतीचे, कातड्याचे, गाड्याचे असे शब्द सापडतात जे नंतरच्या कोशकारांनी गावंढळ म्हणून टाकले. जुनी पुस्तकं पाहायची असतील तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं. पण कोशाआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. कोश शब्द सांगेल, म्हातारी तो शब्द कोणाला उद्देशून म्हणतात तेही सांगेल, आणि वर दोन शिव्या घालेल.

कलावंताला काय विचारावं आणि काय विचारू नये?

‘या गाण्याचा अर्थ काय?’ असं कधी विचारू नका. समोरचा माणूस लगेच शाळेत उभा राहिल्यासारखा होतो आणि तुम्हाला आवडेल असं काहीतरी अध्यात्म सांगून मोकळा होतो. ‘हे तुम्ही कोणाकडून घेतलं, बाबा?’, ‘कुठल्या गावी लोक यावर जास्त हसतात?’, ‘कुठली ओळ तुम्ही हल्ली गाळता?’ असं विचारा. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण आधी हसतात, इकडेतिकडे बघतात आणि मग हलक्या आवाजात ती ओळ म्हणून दाखवतात.

त्यांनी सांगितलेला अर्थ पटला नाही तर?

वहीत त्यांचा अर्थ त्यांच्या नावावर लिहा, तुमचा तुमच्या नावावर. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. त्यांनी ते गाणं हजार वेळा गायलंय. पण गायलं म्हणून त्यांचाच अर्थ खरा असंही नाही. भारुडी लोकांमध्येच गुरुबंधूंचे अर्थ जुळत नाहीत आणि ते एकमेकांना खुशाल नावं ठेवतात.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालेल का?

विचारून करा. जागरण-गोंधळासारख्या विधीत घरच्या यजमानाचीही परवानगी घ्या. बिदागी ठरवून द्या, ‘थोडं काहीतरी’ म्हणून नोट दुमडून हातात कोंबू नका. रेकॉर्डिंग कुठे टाकणार असाल तर कलावंताचं नाव-गाव घालायचं की नाही हे त्यालाच विचारा. काहींना हवं असतं, काहींना अजिबात नको असतं. एक प्रत त्याच्या घरी द्या. नातवंडांच्या मोबाइलमध्ये टाकून दिली तरी पुरे.